ते गाणंच होतं

ठकीला झोपवण्याचं काम बाईंकडे होतं, आणि ते त्या गाऊन करत. दिवा मालवण्याचं काम ग्रंथपालांकडे होतं. ही वाटणी दोघांनाही पसंत होती आणि ठकी मोठी होईपर्यंत ती बिनबोभाट चालली असती. पण मध्येच बाईंच्या घशात गाठ निघाली.

बाई म्हणजे ठकीची आई, ग्रंथपालांची बायको. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची, आणि सवयीनं ग्रंथपालही म्हणायला लागले होते. त्यांच्या शाळेत दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, नुसती कपाटं होती. बाईंना पाढे शिकवायचे तर पलीकडच्या इतिहासाच्या वर आवाज काढून शिकवावे लागत. इतिहासाचे गुरुजी दणदणीत होते. ही लढाई वर्षानुवर्षं चालली आणि शेवटी इतिहास जिंकला.

घशाचे डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी आहे. काढून टाकू. त्यानंतर मात्र मौन. बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही. आणि हसायचंसुद्धा नाही."

"आणि गाणं?" बाईंनी विचारलं. तेव्हा त्यांना विचारता येत होतं.

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बोलणं येईल हळूहळू. गाण्याचं पुढे बघू."

ग्रंथपालांनी स्वतःच्या नोकरीत हे दोन शब्द पुष्कळ वापरले होते. वाचनालयात नवा पंखा हवा, आणखी एक वर्तमानपत्र हवं, असं कोणी म्हटलं की ते म्हणत, पुढे बघू. त्यातला एकही पंखा आजवर आलेला नव्हता. त्यामुळे डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना नीट कळलं. बाईंनाही कळलं असावं, कारण घरी येईपर्यंत त्या रिक्षात काही बोलल्या नाहीत. मौन सुरू व्हायला तेव्हा अजून अवकाश होता.

शस्त्रक्रिया चांगली झाली. बाई घरी आल्या, आणि पहिल्याच दुपारी सगळ्यांच्या लक्षात आलं की ठकीची झोपही दवाखान्यातच राहिली आहे.

तिला झोपेसाठी एकच गाणं लागायचं. ते बाईंनीच रचलेलं होतं, आणि चालही त्यांचीच:

झोप आली जिन्यात, थांबली दारात,
चपला काढून ये गं घरात.
हळूच ये आत, लाव मागं कडी,
वाट तुझी बघते सोनुली वेडी.

एवढंच. पण बाई ते म्हणायला लागल्या की तिसऱ्या ओळीपर्यंत ठकीच्या पापण्या जड व्हायच्या आणि चौथी ओळ ऐकायला सहसा कोणी जागं नसायचं. आता बाई तिला घेऊन फेऱ्या मारत होत्या, थोपटत होत्या, पाठीवर बोटं फिरवत होत्या. आणि ठकी आईच्या बंद ओठांकडे टक लावून बघत होती. दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी कुलूप का, असा तो चेहरा होता. थोडा वेळ वाट बघून ती रडायला लागली. ती थांबली तेव्हा झोपली नव्हती, दमली होती.

ग्रंथपालांकडे मोबाइलवर बाईंच्या गाण्याचं रेकॉर्डिंग होतं. आपल्याला हे आधीच सुचायला हवं होतं, असं म्हणत त्यांनी ते मोठ्या आत्मविश्वासानं लावलं. ठकी गप्प झाली. तिनं मोबाइलकडे पाहिलं. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. परत मोबाइलकडे. आई इथे आणि आवाज तिथे, हा हिशेब तिला काही केल्या जुळेना, आणि मग तिनं जो सूर लावला तो ऐकून समोरच्या काकू दार न वाजवता आत आल्या. पण ग्रंथपालांचं लक्ष बाईंकडे गेलं होतं. आपलाच आवाज ऐकताना बाई मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. एखाद्या गेलेल्या माणसाचं बोलणं ऐकावं तशा. ग्रंथपालांनी मोबाइल बंद केला आणि परत कधी ते लावलं नाही.

त्या रात्री बाई झोपल्या नाहीत. ठकी झोपली नाही, म्हणूनही. आणि दुसऱ्या ज्या कारणानं झोपल्या नाहीत ते त्यांना सांगता येत नव्हतं. सकाळी बाई चहा गाळत असताना ग्रंथपालांनी जाहीर केलं, "आजपासून मी म्हणतो."

बाईंनी गाळणीवरून वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं त्याला सभ्य शब्द शोधायचा तर चिंता म्हणता येईल.

कारण ग्रंथपालांना गाता येत नव्हतं. ही काही त्यांची नम्रता नव्हती. चौथीच्या वर्गात समूहगीत बसवताना त्यांना सांगण्यात आलं होतं, "तू पुढच्या रांगेत उभा राहा, चेहरा छान आहे तुझा. फक्त ओठ हलव." तेव्हापासून आयुष्यात जिथे जिथे चारचौघांत गायची वेळ आली तिथे ते निष्ठेनं ओठ हलवत आले होते. नोकरीही त्यांनी अशी पत्करली की जिथे गप्प राहण्याचा पगार मिळतो. वाचनालयाच्या भिंतीवरचा नियमांचा फलक त्यांनी स्वतः लिहिला होता. त्यातला चौथा नियम असा: 'वाचनालयाच्या आवारात मोठ्याने बोलू नये, हसू नये व गाणे म्हणू नये.'

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते घरी आले, हात धुतले, ठकीला खांद्यावर घेतलं आणि सुरुवात केली. "झोप आली जिन्यात" एवढं होताच ठकी रडायची थांबली. ग्रंथपालांना धन्य वाटलं. पण ती झोपेनं थांबली नव्हती, आश्चर्यानं थांबली होती. तिनं मान वळवून आवाज कुठून येतोय ते शोधलं, वडिलांच्याच तोंडातून येतोय याची खात्री करून घेतली, आणि मग नव्या जोमानं रडायला लागली.

मागे वळून बघतात तो बाई दारात उभ्या. दोन्ही हातांनी टॉवेल तोंडावर दाबलेला, खांदे गदागदा हलताहेत, डोळ्यांतून पाणी. ग्रंथपाल ठकीसकट त्यांच्याकडे धावले. "काय झालं? दुखतंय का?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि बोट त्यांच्याकडे केलं.

हसणं डॉक्टरांनी बंद केलं होतं. म्हणजे आता घरात हसू येईल असं काही करायचं नाही, हे ओघानं आलंच. ग्रंथपाल मुळातच गंभीर माणूस. ते म्हणाले, त्यात काय, मी आणखी गंभीर राहीन. पण माणूस स्वतःला नीट ओळखत नाही तो असा. ते जितके गंभीर होत तितका तो टॉवेल बाईंना जास्त लागे. शेवटी असं ठरलं की ग्रंथपालांनी गायची तयारी बाहेर करावी, आणि जमलं की घरी आणावी.

ही बातमी काकूंमार्फत इमारतभर पसरली. इमारतीत झोपेचा विषय निघाला की जो तो जागा होतो. कोणी म्हणालं, मुलीला गरम होतंय. कोणी म्हणालं, गार लागतंय. कोणी म्हणालं, दिवसा झोपू देता म्हणून रात्री झोपत नाही. तर दुसऱ्याचं म्हणणं, दिवसा झोपत नाही म्हणून रात्री चिडते. काकूंचं मत सगळ्यांत दिलासा देणारं होतं. "काही होत नाही. माझा मुलगा तीन वर्षं झोपला नव्हता. आज इंजिनिअर आहे."

ग्रंथपालांचा माणसांपेक्षा पुस्तकांवर विश्वास जास्त. त्यांनी वाचनालयातून बालसंगोपनावरची होती नव्हती ती पुस्तकं आणून पाळण्याशेजारी रचली. एका लेखकाचं म्हणणं, मूल रडलं तर लगेच उचलू नका, ते स्वतःचं स्वतः झोपायला शिकेल. दुसऱ्याचं म्हणणं, रडणाऱ्या मुलाला न उचलणारे आईबाप आईबापच नव्हेत. दोघांचेही फोटो मागच्या पानावर होते आणि दोघेही व्यवस्थित झोप झालेले दिसत होते. एक गोष्ट मात्र सगळ्या पुस्तकांत होती: रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं, मंद उजेडात, शांत आवाजात तेच ते करावं. वेळ, क्रम आणि उजेड ग्रंथपालांच्या हातात होते. प्रश्न आवाजाचाच होता.

म्हणून ते गायनाच्या क्लासला गेले. तिथे सगळी लहान मुलं होती. त्यांच्यामध्ये बसकरावर मांडी घालून बसताना ग्रंथपालांच्या गुडघ्यांनी जो आवाज केला तो, पुढे जे झालं त्या मानानं, सुरेल म्हणायचा. गायनाचे मास्तर भले गृहस्थ होते. त्यांनी पेटीवर एक सूर धरला आणि म्हणाले, "हा लावा." ग्रंथपालांनी लावला. मास्तरांनी जरा वेळ डोळे मिटून ऐकलं, मग पेटीचा दुसरा सूर दाबून पाहिला, मग तिसरा.

"काय झालं?" ग्रंथपाल म्हणाले.

"आवाज वाईट नाही तुमचा," मास्तर विचार करत म्हणाले. "फक्त तो राहायला कुठे आहे ते मला सापडत नाहीये."

मुलं हसली. ग्रंथपाल हसले नाहीत. ते दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्याही. मास्तरांनी त्यांना एकच सूर दिला आणि सांगितलं की एखादी निवांत जागा बघा आणि रोज एवढाच घोटा. घरात मनाई. रस्त्यावर लाज. मग त्यांना गच्ची आठवली.

गच्चीवर पाण्याची टाकी होती, आणि त्या दिवशी ती धुण्यासाठी रिकामी करून झाकण काढून ठेवलं होतं. ग्रंथपाल गात गात तिच्याजवळून गेले आणि थबकले. टाकीतून त्यांचाच आवाज परत आला होता, पण काय आला होता. भरदार, गोलसर, एखाद्या कसलेल्या गवयाचा वाटावा असा. ज्या माणसाला आयुष्यभर ओठ हलवायला सांगितलं गेलं त्यानं अशा वेळी काय करावं? त्यांनी टाकीत डोकं घातलं. मग खांदे घातले. मग कमरेपर्यंत आत वाकून, पाय बाहेर ठेवून, अख्खं गाणं म्हटलं.

टाकी रिकामी म्हणजे नळही रिकामे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. तो आवाज पाइपांतून उतरत उतरत प्रत्येक स्वयंपाकघरात पोचला. काकू भांडी घासायला पाणी आलं का बघत होत्या, त्यांच्या नळातून कोणीतरी खोल, दुःखी आवाजात म्हणालं, "चपला काढून ये गं घरात." काकूंनी चपला काढल्या आणि तशाच अनवाणी खाली पळाल्या. टाकी धुणारा माणूस आत अडकला आहे आणि शेवटचं काहीतरी सांगतो आहे, असं दोन मिनिटांत ठरलं. खालच्या मजल्यावरचे अण्णासाहेब दोरी घेऊन सगळ्यांच्या पुढे वर आले. टाकीतून बाहेर आलेले दोन पाय दिसले. चौघांनी मिळून ते ओढले. ग्रंथपालांचं ध्यान तिसऱ्या ओळीत होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी पँट झटकली, चष्मा सरळ केला आणि म्हणाले, "काही हवं होतं का?"

अण्णासाहेबांबद्दल इथे सांगायला हवं. ते निवृत्त अधिकारी. इमारतीत ग्रंथपालांचे शेजारी, आणि वाचनालयात कार्यकारी समितीचे अध्यक्ष, म्हणजे साहेब. ही दोन खाती ते कधी एकत्र होऊ देत नसत. गच्चीवर त्यांनी शेजारी या नात्यानं ग्रंथपालांना सगळ्यांदेखत झाडलं, 'गच्ची फक्त कपडे वाळत घालण्यासाठी आहे' असा ठरावही करून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात भेटल्यावर अध्यक्ष या नात्यानं विचारलं, "काय ग्रंथपाल, घरचं सगळं ठीक?" जणू ते काल दोघे भेटलेच नव्हते.

राहता राहिली वाचनालयातली जुन्या मासिकांची खोली. मागच्या बाजूला, दार जाड, वर्षानुवर्षं कोणी पाऊल न टाकलेली. ग्रंथपाल रोज काम संपल्यावर तिथे जात, दार लावत, मासिकांचा एक गठ्ठा ठकी समजून खांद्यावर घेत आणि हळूहळू झुलत गात. एवढंच की त्या खोलीची वरची झडप वाचनकक्षात उघडत होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

वाचनकक्षात परीक्षेची तयारी करणारी मुलं बसत. काही दिवसांनी त्यांच्याकडून लेखी तक्रार आली: 'संध्याकाळी मासिकांच्या खोलीतून कण्हण्याचा आवाज येतो. कृपया बंदोबस्त व्हावा.' तक्रारी स्वीकारणं हे ग्रंथपालांचंच काम. त्यांनी तो कागद वाचला. 'कण्हण्याचा' या शब्दावर त्यांची नजर बराच वेळ अडली. मास्तर आता म्हणायला लागले होते की आवाजाचा पत्ता सापडला नसला तरी गल्ली कळली आहे. आणि इथे हे. तो कागद फाडून टाकला असता तर कोणाला कळलं नसतं. पण ग्रंथपालांनी त्यावर शिक्का मारला, तारीख घातली आणि तो अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. नियम म्हणजे नियम. त्या संध्याकाळी ते फक्त जरा हळू आवाजात गायले.

अण्णासाहेबांनी दार उघडलं तेव्हा ग्रंथपाल डोळे मिटून, मासिकांच्या गठ्ठ्याला थोपटत, "सोनुली वेडी" म्हणत होते.

अण्णासाहेबांनी हातातली तक्रार घडी घालून खिशात ठेवली. "आपल्याकडे मासिकांना झोपवतात," ते म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं."

मग रीतसर खुलासा मागवणारं पत्र आलं आणि रविवारी सकाळी समितीची बैठक लागली. नेमकी त्याच सकाळी बाईंची डॉक्टरांकडे तपासणी होती. घसा कितपत भरून आला, काय येणार आणि काय नाही, ते त्या दिवशी कळायचं होतं. ग्रंथपालांना बाईंबरोबर जायचं होतं. बाईंनी नकारार्थी मान हलवली, ठकीला त्यांच्या हातात दिलं, त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि एकट्याच गेल्या. काकू लेकाकडे गेल्या होत्या. तेव्हा ग्रंथपाल ठकीला कडेवर घेऊन, खांद्याला दुपट्यांची पिशवी लावून चौकशीला हजर झाले.

समितीत अण्णासाहेबांशिवाय एक वकील आणि एक औषधांचे दुकानदार होते. अण्णासाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं, "ग्रंथपाल माझ्या इमारतीत राहतात. तिथे मला जी माहिती आहे, टाकीबद्दल वगैरे, ती मी इथे वापरणार नाही." ती वापरली नाही, पण सगळ्यांना कळली.

वकील मनानं चांगले. त्यांनी नियमांचा फलक वाचला, तक्रार वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, यात काहीच नाही. नियम काय म्हणतो? गाणे म्हणू नये. तक्रार काय म्हणते? कण्हण्याचा आवाज. कण्हण्याविरुद्ध आपल्याकडे नियमच नाही. ग्रंथपालांनी फक्त एवढं लिहून द्यावं की ते गाणं नव्हतं. प्रकरण मिटलं."

"उत्तम," दुकानदार म्हणाले. त्यांना दुकान उघडायचं होतं.

अण्णासाहेबांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "लिहा. आणि घरी जा. मुलगी कंटाळली आहे."

ग्रंथपालांनी पेन हातात घेतलं. लिहायला काहीच हरकत नव्हती. नोकरीच्या कागदांवर कधी शेरा पडला नव्हता, आताही पडला नसता. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं तेही हेच म्हणत आले होते, की आपण जे करतो ते गाणं नव्हे. पण त्यांना बसकरावरचे गुडघे आठवले, मुलांचं हसणं आठवलं, पाय धरून ओढणारे चौघे आठवले. ओढणीचं टोक गुंडाळणारी बोटं आठवली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तसं लिहिता येणार नाही मला. ते गाणंच होतं."

वकील पुढे झुकले. "अहो, आम्ही तुम्हाला वाचवतोय."

"कळतंय मला. आभारी आहे. पण ते गाणं होतं."

"मुलांनी कण्हणं लिहिलंय."

"मुलं अजून शिकताहेत," ग्रंथपाल म्हणाले.

दुकानदारांनी घड्याळ पाहिलं. "मग म्हणून दाखवा ना एकदा. आम्हीच ठरवू."

ठकी तेवढ्यात रडायला लागलीच होती. ग्रंथपाल उठले, तिला खांद्यावर घेतलं आणि समितीकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. क्लासबाहेर चारचौघांत आवाज काढण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. पहिली ओळ थरथरली. दुसरी ओळ नेहमीप्रमाणे शेजारच्या सुरात जाऊन परत आली. तिसरीला ठकीनं रडणं थांबवलं, मान मागे घेतली आणि आपला छोटा ओला पंजा वडिलांच्या गळ्यावर ठेवला, आवाज हलत होता तिथे. ती झोपली नाही. पण चौथी ओळ होईपर्यंत तो हात तिनं काढला नाही.

वकिलांनी चष्मा काढून पुसला.

"गाणं आहे," शेवटी अण्णासाहेब म्हणाले. त्यांनी तो कोरा कागद परत आपल्याकडे ओढला. "तेव्हा नियमभंग झाला हे सिद्ध आहे. समितीला ताकीद द्यावी लागेल."

"द्या," ग्रंथपाल म्हणाले. आयुष्यात इतक्या समाधानानं त्यांनी काही स्वीकारलं नव्हतं. लग्नाच्या वेळीसुद्धा ते थोडे घाबरलेले होते.

परत येताना अण्णासाहेब शेजारून चालत होते, पण बोलले नाहीत. रस्ता अजून वाचनालयाच्या हद्दीत धरला जात असावा. इमारतीच्या फाटकातून आत आल्यावर त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "शेजारी म्हणून एक सांगतो. दुपारी म्हणाल तेव्हा खिडकी लावून घेऊ नका. ही गेल्यापासून घरात फार शांत असतं." आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच्या दाराची किल्ली शोधायला लागले.

बाई आधीच आल्या होत्या. पलंगाच्या कडेला, चपला पायात तशाच, बसल्या होत्या. ग्रंथपालांनी आत आल्याबरोबर सांगायला सुरुवात केली की ताकीद मिळाली, गाण्याबद्दल मिळाली. आणि मध्येच थांबले.

"बोला म्हणालेत," बाई म्हणाल्या. "थोडं थोडं."

आवाज बाईंचा नव्हता. खालचा होता, खरखरीत, वाळूवरून काहीतरी ओढत न्यावं तसा. ग्रंथपालांनी पुष्कळ दिवसांनी बायकोचा शब्द ऐकला होता, आणि कोणीतरी परकी बाई घरात आली आहे असं त्यांना क्षणभर वाटून गेलं. ठकीलाही वाटलं. बाईंनी हात पुढे करून म्हटलं, "ये गं," तर तिनं ओठ काढले, तोंड फिरवलं आणि वडिलांच्या मानेत लपवलं.

बाईंचे हात तसेच राहिले.

"वरचे सूर परत येतील असं नाही म्हणाले," त्या म्हणाल्या. "गाता येईल कदाचित. पण ते पहिलं नाही." थोडं थांबून, घोट गिळून, "ती ओळखत नाहीये मला."

ग्रंथपालांनी बाईंच्या पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, पाठीशी उशी लावली. मग ठकीला मानेपासून सोडवलं आणि बाईंच्या छातीशी ठेवलं. ती रडली, पण अंगाचा वास ओळखीचा होता; तिनं नाक बाईंच्या ओढणीत खुपसलं आणि हुंदके देत पडून राहिली. बाईंनी तिला दोन्ही हातांनी कवटाळलं. बोलायला मात्र त्यांना धीर होईना.

"म्हण ना," त्या पुटपुटल्या.

"मी? आत्ता?"

"मग कोण?"

"मला अजून नीट येत नाही."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "म्हण."

ग्रंथपालांनी पडदा ओढला. दुपारचं ऊन पडद्यातून पिवळं होऊन आत येत राहिलं. खिडकी त्यांनी उघडीच ठेवली. मग पलंगाशेजारी जमिनीवर बसले आणि सुरू केलं, मास्तरांनी दिलेल्या सुरावर, निदान त्याच गल्लीत कुठेतरी. दुसरी ओळ शेजारी गेली. त्यांनी तिला हळूच परत आणलं. बाईंच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला, मग सैल झाला. त्यांचं डोकं उशीवर कलंडलं. शस्त्रक्रियेच्या आधीपासून, घशात काहीतरी आहे असं पहिल्यांदा वाटलं तेव्हापासून, जो ताण त्यांच्या कपाळावर होता तो ग्रंथपालांच्या देखत उतरत गेला, आणि तिसऱ्या ओळीला त्या झोपल्या.

ठकी जागी होती. आईच्या छातीच्या वरखाली होण्याबरोबर तीही वरखाली होत होती आणि एका डोळ्यानं वडिलांकडे बघत होती. ग्रंथपालांनी चौथी ओळ म्हटली आणि परत पहिलीपासून धरलं. पाय बधिर झाले होते, हलवायची सोय नव्हती. तीन वेळा झालं, चार वेळा झालं. पुढे मोजायचं राहिलं. आता जमतंय की नाही हा विचारही मागे कुठेतरी राहून गेला. नुसता आवाज जात होता आणि येत होता.

दोघीही झोपल्या आहेत हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते दुसऱ्या ओळीच्या मध्यावर होते. तिथेच थांबता आलं असतं. त्यांनी आवाज लहान केला, आणि गाणं पूर्ण करूनच ते उठले.